लहान कंपनीसाठी ब्रॉडबँड: घरगुती प्लॅन घ्यावा की व्यावसायिक?

नवे कार्यालय उभे करताना इंटरनेट जोडणीचा निर्णय बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने घेतला जातो. सेवा पुरवठादाराच्या दरपत्रकात एकाच वेगाचे दोन प्लॅन शेजारीशेजारी दिसतात, एक घरगुती आणि दुसरा व्यावसायिक, आणि दुसऱ्याचे मासिक भाडे पहिल्यापेक्षा बरेच जास्त असते. वेग तोच असेल तर वरचे पैसे कशाचे, हा नवख्या उद्योजकाचा प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर दरपत्रकात नव्हे, तर त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये असते.

पुष्कळ ठिकाणी दोन्ही जोडण्या एकाच फायबरमधून येतात. आज मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या जीपॉन तंत्रज्ञानात पुरवठादाराच्या केंद्रातून निघालेला एक फायबर साधारण ३२ किंवा ६४ ग्राहकांमध्ये विभागला जातो, आणि डाउनलोडचे सुमारे २.५ जीबीपीएस व अपलोडचे सुमारे १.२५ जीबीपीएस हे सगळे मिळून वाटून घेतात. त्या वाटेकऱ्यांमध्ये एक जण व्यावसायिक प्लॅनवर असला म्हणून त्याच्यासाठी वेगळी काच ओढलेली नसते. फरक असतो तो अपलोडच्या वाट्यात, आयपी पत्त्यात (म्हणजे इंटरनेटवर आपली जोडणी ओळखणाऱ्या क्रमांकात), वापराच्या परवानगीत आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जोडणी बंद पडल्यावर ती किती वेळात सुरू करून देण्यास पुरवठादार बांधील आहे, यात. म्हणून वेगाच्या आकड्यांची तुलना बाजूला ठेवून पुढील क्रमाने विचार करावा.

पहिली पायरी: नेट बंद पडल्यास काय थांबते ते लिहून काढणे

कार्यालयातील प्रत्येक कामापुढे एकच नोंद करावी: जोडणी एक तास, अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस बंद राहिली तर या कामाचे काय होईल. लेखापाल एक तास कागदपत्रे लावून ठेवू शकतो. फोनवरून ग्राहकसेवा देणारी व्यक्ती मात्र पहिल्या मिनिटापासून रिकामी बसते. दुकानातील कार्ड मशीन स्वतःच्या सिमकार्डावर चालत असेल तर विक्री थांबत नाही, वायफायवर चालत असेल तर थांबते. या नोंदींवरून एका दिवसाच्या खंडाचे ढोबळ नुकसान काढावे आणि त्याची तुलना दोन प्लॅनमधील वार्षिक फरकाशी करावी. एका दिवसाचे नुकसान त्या फरकापेक्षा मोठे निघाले तर घरगुती प्लॅनची बचत केवळ कागदावरची आहे. ते किरकोळ निघाले, उदाहरणार्थ दोन भागीदारांची सल्लागार संस्था असून दोघेही अडल्या वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवू शकत असतील, तर व्यावसायिक प्लॅनचा आग्रह धरण्याचे फारसे कारण उरत नाही.

दुसरी पायरी: अपलोडची गरज मोजणे

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा डाउनलोडचा असतो. घरात लोक पाहतात आणि ऐकतात, म्हणून घरगुती प्लॅन डाउनलोडकडे झुकलेले असतात. कार्यालयातून मात्र माहिती बाहेरही तितकीच जाते. व्हिडिओ बैठका, क्लाउडवर साठवला जाणारा बॅकअप, ग्राहकाला पाठवायच्या मोठ्या फाइली आणि कॅमेऱ्यांचे चित्रण हे सर्व अपलोडच्या वाट्याचे आहे. तारेवरच्या जोडणीत डाउनलोड ३०० एमबीपीएस आणि अपलोड ३० एमबीपीएस अशा स्वरूपाचे प्लॅन अजूनही आढळतात. फायबरवर दोन्ही दिशांना समान वेग देणारे घरगुती प्लॅनही आता मिळतात, त्यामुळे हा फरक गृहीत न धरता प्रत्येक प्लॅनसाठी तपासावा.

आठ जणांच्या कार्यालयाचा हिशेब करून पाहू. चार जण एकाच वेळी व्हिडिओ बैठकीत असतील आणि प्रत्येकाला चांगल्या चित्रासाठी सुमारे ३ एमबीपीएस अपलोड लागत असेल, तर १२ एमबीपीएस झाले. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ०.१ एमबीपीएस पुरतो, म्हणजे तीन संभाषणांचा भार नगण्य आहे. क्लाउडवर चित्रण पाठवणारे चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएस घेत असतील तर आणखी ८. ही बेरीज २० एमबीपीएसच्या थोडी पुढे जाते आणि ३० च्या प्लॅनवर बाकी सर्वांसाठी जेमतेम १० एमबीपीएस उरतात. आता कोणी २० जीबीची फाइल पाठवायला घेतली तर तिला साडेचार तासांच्या आसपास लागतील. तीच फाइल पूर्ण १०० एमबीपीएस अपलोड मिळाल्यास अर्ध्या तासाच्या आत जाते. हा हिशेब करताना प्लॅनचा वेग बिटमध्ये आणि फाइलचा आकार बाइटमध्ये सांगितला जातो व एका बाइटमध्ये ८ बिट असतात, हे विसरू नये. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी.

अपलोड पूर्ण भरला की त्रास केवळ फाइल पाठवणाऱ्याला होत नाही. बाहेर जाणारी माहिती राउटरमध्ये रांगेत साचते, एरवी २० मिलिसेकंदांत मिळणारे उत्तर कित्येक शे मिलिसेकंदांवर जाते आणि बैठकीतील आवाज तुटू लागतो. डाउनलोडसुद्धा मंदावते, कारण मिळालेल्या प्रत्येक तुकड्याची पोच त्याच तुंबलेल्या वाटेने परत जावी लागते. कार्यालयात 'नेट स्लो आहे' अशी ओरड होते तेव्हा अनेकदा कारण हेच असते, आणि डाउनलोडचा वेग वाढवणारा महागडा प्लॅन घेऊन ते दूर होत नाही. राउटरमध्ये रांग सांभाळणारी सोय असल्यास अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधावी आणि बॅकअप रात्रीच्या वेळेवर टाकावा. या दोन बदलांनी पुष्कळ कार्यालयांचे काम आहे त्याच जोडणीवर सुरळीत होते.

तिसरी पायरी: आपल्या जागेपर्यंत काय पोहोचते ते पाहणे

प्लॅन निवडण्याआधी त्या पत्त्यावर कोणती वाहिनी उपलब्ध आहे ते कळायला हवे. तांब्याच्या टेलिफोन तारेवरच्या जोडणीत केंद्रापासूनचे अंतर वाढते तसा वेग घसरतो, त्यामुळे जाहिरातीतील आकडा आणि त्या विशिष्ट इमारतीतील आकडा यांत मोठी तफावत असू शकते. फायबरला या अंतराचा तसा त्रास नसतो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने त्यावरून संदेश जाऊन येण्यास सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात, आणि अशा जोडणीवर फोन किंवा दूरस्थ संगणक चालवणे जिकिरीचे होते. पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या उपग्रहांची सेवा या बाबतीत कितीतरी बरी असते. फायबर पोहोचत असेल तर तो घ्यावा, मग प्लॅनवरचे लेबल कोणतेही असो. चांगल्या फायबरवरचा घरगुती प्लॅन जुन्या तांब्याच्या तारेवरच्या व्यावसायिक प्लॅनपेक्षा रोजच्या कामात सरस ठरतो.

शेजारच्या कार्यालयांना त्यांचा अनुभव विचारणे हा या पायरीचा सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त भाग आहे. त्यांना वेग विचारण्यापेक्षा, शेवटचा बिघाड कधी झाला आणि तो किती दिवसांत दुरुस्त झाला, हे विचारावे.

वाटून घेतलेल्या वाहिनीवरील गर्दीचा मुद्दाही येथेच तपासावा. निवासी भागात ती गर्दी संध्याकाळी आणि रात्री सर्वाधिक असते, म्हणजे दिवसा चालणाऱ्या कार्यालयाला तिची झळ कमी लागते. संध्याकाळी ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या संस्थेला किंवा रात्रपाळी असणाऱ्या कंपनीला मात्र ती नेमकी कामाच्या वेळी भोवते. कोणाशीही न वाटलेली, पूर्ण क्षमता राखून ठेवलेली जोडणी हवी असेल तर ती लीज्ड लाइन या नावाने वेगळी मिळते आणि तिचे भाडे व्यावसायिक ब्रॉडबँडच्या कैक पट असते. व्यावसायिक ब्रॉडबँड म्हणजे लीज्ड लाइन नव्हे, ही गोष्ट विक्री प्रतिनिधी आपणहून क्वचितच स्पष्ट करतात.

चौथी पायरी: परवानगी आणि मर्यादा वाचणे

काही पुरवठादारांच्या घरगुती प्लॅनच्या अटींमध्ये व्यावसायिक वापरास मनाई असते, काहींमध्ये फक्त जोडणी इतरांना विकण्यास किंवा तिच्यावर सर्व्हर चालवण्यास मनाई असते, तर काही याविषयी मौन बाळगतात. मनाई असूनही जोडणी घेतली तर ती बहुधा चालत राहते, परंतु तक्रार करण्याची वेळ येते तेव्हा पुरवठादाराच्या हाती आयते कारण असते. याच अटींमध्ये 'अमर्याद' प्लॅनची खरी मर्यादाही सापडते: महिन्याला ठरावीक जीबी वापरल्यानंतर वेग कितीवर उतरवला जाईल, हे वाक्य शोधून काढावे. घरगुती जोडण्यांवर थेट ईमेल पाठवण्याचे २५ क्रमांकाचे पोर्ट अनेकदा बंद ठेवलेले असते, याची स्वतःचा मेल सर्व्हर कार्यालयात ठेवू पाहणाऱ्यांनी नोंद घ्यावी. बाकीच्यांना त्याने काही फरक पडत नाही.

पाचवी पायरी: सेवापातळीचा करार शब्दशः वाचणे

सेवा किती काळ चालू राहील आणि बंद पडल्यास किती वेळात दुरुस्त होईल, याचे वचन सेवापातळीच्या करारात असते. व्यावसायिक प्लॅनचे जास्तीचे पैसे प्रामुख्याने या करारासाठी मोजले जातात, म्हणून यावर वेळ घालवण्यास कंजुषी करू नये. त्यातील पहिला आकडा उपलब्धतेचा असतो आणि तो टक्क्यांत असल्यामुळे फसवा वाटतो. ९९.५ टक्के म्हणजे वर्षाला जवळपास ४४ तास बंद राहण्याची मुभा, ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास, ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. अर्ध्या टक्क्याच्या खेळात कार्यालयाचा संपूर्ण आठवडा सामावतो.

दुसरी बाब म्हणजे प्रतिसादाची वेळ आणि दुरुस्तीची वेळ यांतील भेद. 'चार तासांत प्रतिसाद' या वाक्याची पूर्तता पुरवठादाराच्या कर्मचाऱ्याने चौथ्या तासाला फोन करून तक्रार ऐकून घेतली तरी होते. आपल्याला हवे असते ते 'अमुक तासांत सेवा पूर्ववत'. हे तास कोणते, हेही पाहावे लागते. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ हे कामकाजाचे तास मानणाऱ्या करारात 'आठ कामकाजाच्या तासांत दुरुस्ती' असे लिहिले असेल आणि तक्रार शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता नोंदवली गेली, तर शुक्रवारचा एक तास मोजला जातो, शनिवार-रविवार वगळले जातात आणि उरलेले सात तास सोमवारी दुपारी ४ वाजता संपतात. करार तंतोतंत पाळूनही जोडणी जवळजवळ तीन दिवस बंद राहू शकते. शनिवारी उघडे असणाऱ्या व्यवसायाने हा एक परिच्छेद वाचूनच निर्णय घेतला तरी चालेल.

तिसरी बाब भरपाईची. सेवापातळी न पाळल्यास बहुतेक करारांत मासिक भाड्याचा काही भाग पुढील बिलातून वजा होतो. बुडालेल्या धंद्याची भरपाई मिळत नाही. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल, ग्राहकाकडील वीज किंवा उपकरणांतील बिघाड आणि तिसऱ्याच कोणी खोदकामात तोडलेली केबल हे सारे सहसा हिशेबातून वगळलेले असते. भरपाई आपोआप मिळते की ठरावीक मुदतीत अर्ज करून मागावी लागते, हेही विचारावे. सेवापातळीचा लेखी करार दाखवताच येत नसेल तर त्या प्लॅनला व्यावसायिक म्हणून जास्त पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहावी पायरी: स्टॅटिक आयपी खरोखर हवा आहे का, ते ठरवणे

स्टॅटिक आयपी म्हणजे आपल्या जोडणीला मिळालेला न बदलणारा पत्ता. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जेमतेम ४३० कोटी आहेत आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. त्यामुळे अनेक पुरवठादार घरगुती ग्राहकांना स्वतंत्र पत्ता न देता शेकडो जणांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. आपली जोडणी अशी आहे का, हे पाच मिनिटांत कळते. राउटरच्या माहितीपानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील पत्त्याशी तो ताडून पाहावा. दोन्ही सारखे नसतील, विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर आपण सामायिक पत्त्यामागे आहोत. अशा जोडणीवर बाहेरून कार्यालयातील संगणकात किंवा कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये थेट शिरता येत नाही.

स्टॅटिक आयपी लागतो तो मुख्यतः दोन कारणांनी: कार्यालयात स्वतःचा व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात शिरण्याची सुरक्षित वाट) किंवा सर्व्हर चालवायचा असेल तर, किंवा बँक अथवा मोठा ग्राहक आपल्या प्रणालीत केवळ नोंदवलेल्या पत्त्यावरूनच प्रवेश देत असेल तर. हिशेब, ईमेल आणि फाइली क्लाउडवर असणाऱ्या कंपनीला त्याची गरज नसते, तरीही 'व्यवसाय आहे म्हणजे लागतोच' या समजुतीने तो घेतला जातो. काही पुरवठादार घरगुती प्लॅनवरही वेगळे भाडे घेऊन तो देतात, तेव्हा केवळ त्यासाठी व्यावसायिक प्लॅन घेण्यापूर्वी चौकशी करावी.

सातवी पायरी: दुसऱ्या जोडणीचा आणि विजेचा विचार करणे

एकच महागडी जोडणी की दोन स्वस्त जोडण्या, हा पर्याय विक्रीच्या संभाषणात निघत नाही, पण हिशेब त्याच्या बाजूने बोलतो. प्रत्येकी ९९.५ टक्के उपलब्ध असणाऱ्या आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जोडण्या एकाच वेळी बंद असण्याचा काळ वर्षाला सुमारे १३ मिनिटे निघतो. प्रत्यक्षात दोन्ही पुरवठादारांच्या केबल एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून गेलेल्या असतात आणि खोदकामात दोन्ही एकत्र तुटतात, म्हणून हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. दुसरी जोडणी वेगळ्या पुरवठादाराची आणि शक्यतो वेगळ्या माध्यमाची असावी: एक फायबर असेल तर दुसरी मोबाइल जाळ्यावरची. दोन जोडण्या घेणारा राउटर पहिली बंद पडताच दुसरीवर जातो. चालू फोन त्या क्षणी तुटतो, पण काही सेकंदांत काम पुन्हा सुरू होते. ही व्यवस्था महिन्यातून एकदा मुख्य केबल काढून तपासावी, कारण दुसऱ्या जोडणीचे रिचार्ज संपल्याचे पहिली बंद पडल्यावर कळण्यासारखे दुर्दैव नाही. पत्ता नोंदवून घेणारा ग्राहक असेल तर दुसऱ्या जोडणीचाही पत्ता त्याच्याकडे नोंदवावा लागतो, आणि मोबाइल जोडणीवर सहसा सामायिक पत्ताच असल्याने याची तजवीज आधी करावी.

जीपॉन फायबरमध्ये केंद्र आणि ग्राहक यांच्यामधल्या विभाजकाला वीज लागत नाही. त्यामुळे कार्यालयातील फायबरचा डबा आणि राउटर छोट्या यूपीएसवर ठेवले तर भागातील वीज गेली तरी जोडणी बहुधा चालू राहते. रस्त्यावरच्या पेटीतून वीज घेणाऱ्या तांब्याच्या किंवा केबल टीव्हीच्या जाळ्याबाबत ही खात्री देता येत नाही.

आठवी पायरी: निर्णय

चार-पाच जणांपर्यंतचे कार्यालय, सर्व काम क्लाउडवर, बाहेरून आत येण्याची गरज नाही आणि अटींत व्यावसायिक वापरास मनाई नाही, अशा स्थितीत चांगल्या फायबरवरचा घरगुती प्लॅन आणि मोबाइल जाळ्यावरची दुसरी जोडणी पुरेशी आहे. फोनवर धंदा असेल, लोक दहाच्या पुढे असतील, किंवा अर्ध्या दिवसाच्या खंडाने करार मोडण्याची भीती असेल, तर दुरुस्तीची वेळ लेखी देणारा व्यावसायिक प्लॅन घ्यावा आणि तरीही दुसरी जोडणी ठेवावी. लीज्ड लाइनचा विचार त्यानंतर. दोन्हींच्या मधल्या कंपन्यांसाठी माझा कल दोन जोडण्यांकडे आहे, कारण करारातील वचन नेट परत आणत नाही, दुसरी जोडणी आणते.

सही करण्यापूर्वी कराराची मुदत, मध्येच सोडल्यास भरावी लागणारी रक्कम, सुरुवातीच्या सवलतीनंतरचे भाडे आणि जागा बदलल्यास जोडणी हलवण्याची अट लेखी मागून घ्यावी. बिल कंपनीच्या नावे यावे, म्हणजे ते खर्चात दाखवता येते. पुरवठादाराने मोफत दिलेला ईमेल पत्ता कंपनीच्या कामासाठी वापरू नये. पुढे पुरवठादार बदलताना तो पायात बेडी होतो.

नववी पायरी: जोडणी आल्यानंतरचे दोन आठवडे

वेगाची चाचणी वायफायवरून न करता केबल लावलेल्या संगणकावरून करावी, अन्यथा दोष जोडणीचा की भिंतीचा हे कळणार नाही. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी अशा तीन वेळांना डाउनलोड, अपलोड आणि विलंब (उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) यांची नोंद ठेवावी, आणि निदान एकदा मोठी फाइल अपलोड होत असताना विलंब किती वाढतो ते पाहावे. माहितीचे तुकडे एक टक्क्याहून अधिक गळत असतील तर वेग कितीही दिसला तरी तक्रार करावी, कारण फोन आणि बैठका सर्वप्रथम त्यानेच बिघडतात. पाहुण्यांचे वायफाय वेगळे ठेवावे आणि कार्ड मशीन कर्मचाऱ्यांच्या संगणकांपासून वेगळ्या जाळ्यात ठेवावे.

ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक आणि करारातील दुरुस्तीची वेळ एका कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवावी. नेट नसताना ईमेलमधला करार उघडता येत नाही. करार संपण्याची आणि नूतनीकरण नको असल्याचे कळवण्याची अंतिम तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेत नोंदवावी, कारण अनेक व्यावसायिक करार सूचना न दिल्यास पुढील मुदतीसाठी आपोआप वाढतात.